छोटी कॅम्पर व्हॅन भारीच आहे, पण पैसा गाडीत नाही, थांब्यात आहे

कॅम्पर व्हॅनचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतोय. "सर, सेकंडहँड ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे. आतून बेड, किचन, टॉयलेट करून घेतो आणि भाड्याने देतो. गाडी आणि काम मिळून १५ लाखांचं कर्ज होतंय. करू का?"

माझं उत्तर आहे, नका करू. व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकलं आणि काही जणांना वाटलं की मी स्वप्नावर पाणी ओततोय. तसं नाही. मला स्वतःला कॅम्पर व्हॅन प्रचंड आवडते. पण छोटी. आणि ती का आवडते ते नीट समजून घेतलं, की त्यात धंदा कुठे आहे हेही आपोआप दिसायला लागतं. म्हणून इथे जरा निवांत लिहितो.

रील्समध्ये काय दाखवतात? गाडीचं मागचं दार उघडं, समोर समुद्र, हातात कॉफीचा मग. ठीक आहे, दिसायला छान आहे. पण साताऱ्याहून गुहागरला निघालेल्या आपल्या घरातल्या माणसांना नेमकं काय हवं असतं? लाँग वीकेंडला हॉटेलवाला दुप्पट भाव सांगतो. दुपारी १२ ला चेक-इन, सकाळी १० ला चेक-आऊट. आईला रात्री दोनदा उठून गोळी घ्यायची असते, बाळाचं दूध गरम करायचं असतं, वडिलांना पहाटे साडेपाचला चहा लागतो आणि त्या वेळी हॉटेलचं किचन बंद. हॉटेलची चादर कशी असेल याची धास्ती वेगळीच. छोट्या व्हॅनमध्ये चादर आपली, चहा आपला, वेळही आपली. कंटाळा आला की थांबा, आवडलं नाही की पुढे चला. रद्द करायला बुकिंगच नाही.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. पीठ, तांदूळ, स्टोव्ह आणि पथारी घेऊन जत्रेला जाणं आपल्याकडे जुनंच आहे. आषाढी वारीत दिंडीबरोबर जो ट्रक चालतो त्यात काय असतं? सिलिंडर, भांडी, धान्य, अंथरुणं. माझं भांड्यांचं दुकान आहे. जोडून सुट्ट्या आल्या की आधीच्या तीन-चार दिवसांत छोटी शेगडी, पाण्याचे कॅन, झाकणाचे डबे, घडीचं स्टूल असं एकत्र घेणारी गिऱ्हाइकं ठरलेली. त्यांना कुणी कॅम्पर म्हणत नाही, पण ते तेच करत असतात.

आता "छोटी" यावर मी एवढा जोर का देतोय?

सगळ्यांना माहीत असलेली कॅम्पर म्हणजे फोक्सवॅगनची ती गोल तोंडाची व्हॅन. बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने १९४७ साली वहीत तिचं साधं स्केच काढलं आणि १९५० मध्ये जर्मनीत ती बनायला लागली. ती मुळात मालवाहू, कामाची गाडी. पुढे वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी "कॅम्पिंग बॉक्स" काढला. गाडीत ठेवायचा आणि काढायचा लाकडी सेट. दुकानदाराने आठवडाभर गाडीतून माल वाहायचा, शनिवारी बॉक्स आत सरकवायचा आणि कुटुंबाला घेऊन निघायचं. म्हणजे गाडीचा खर्च धंदा काढतोय आणि सहल वरच्यावर होतेय. एका दुकानदाराच्या नजरेने बघा, यापेक्षा सुंदर हिशोब असतो का?

दुसरं उदाहरण जपानचं, आणि ते आपल्याला जास्त जवळचं आहे. तिकडे "केई" नावाचा छोट्या गाड्यांचा वर्ग आहे. लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीपर्यंत. एवढ्याशा व्हॅनमध्ये लोक फळी टाकतात, गादी घालतात आणि देशभर फिरतात. रिटायर झालेली नवरा-बायको त्यात बरीच असतात. आता आपली ओम्नी आठवा. १९८४ साली मारुतीने आणलेली ही व्हॅन सुझुकी कॅरीवरून घेतलेली, म्हणजे त्याच केई घराण्यातली. इथे तिला ७९६ सीसीचं इंजिन मिळालं, एवढाच काय तो फरक. शाळेची मुलं, अँब्युलन्स, किराणा, मंडपाचं सामान, सगळं तिने वाहिलं. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि ती जागा ईकोने घेतली. ईको लांबीला ३,६७५ मिलिमीटर, रुंदीला १,४७५. जपानमधले लोक ज्या मापात झोपतात, जवळपास त्याच मापाची गाडी आपल्या गल्लीत उभी आहे आणि आपण १५ लाखांच्या कर्जाच्या गोष्टी करतोय!

छोट्या गाडीचा फायदा रस्त्यावर कळतो. कोकणातल्या वाडीत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, समोरून एसटी. तिथे ट्रॅव्हलर वळवायला घाम फुटतो, ईको सहज निघते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर कारच्या जागेत बसते. शहरात पार्किंगच्या लोखंडी आडव्या दांड्याखालून जाते. आणि टायर पंक्चर झाला, क्लच गेला, तर कुठल्याही तालुक्याच्या गावात मेकॅनिकला तिचं सगळं तोंडपाठ असतं.

आता त्या १५ लाखांचा हिशोब करू. वही घ्या.

१५ लाख, ११ टक्के व्याज, ५ वर्षं. ईएमआय साधारण ३२,६०० रुपये. वर्षाचे झाले ३ लाख ९१ हजार. विमा, टॅक्स, टायर, सर्व्हिसिंग, गादी-पडदे धरून आणखी ८० हजार धरा. एकूण ४ लाख ७१ हजार. आता दिवसाला ५ हजार भाडं मिळतंय असं समजू. त्यातून ड्रायव्हर, धुलाई, टॉयलेटची टाकी साफ करणं, जाहिरात असे दीड हजार गेले, हातात उरले साडेतीन हजार. भागाकार करा. वर्षात १३५ दिवस गाडी बाहेर असेल तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर याल. वर्षातले सगळे शनिवार-रविवार मिळून होतात १०४. म्हणजे जुलैच्या पावसातला, मेच्या उकाड्यातला, परीक्षांच्या दिवसांतला, एकही वीकेंड रिकामा न जाता वर आणखी एक महिना. आणि तुमचा पगार अजून यात धरलेलाच नाही. भाड्याचे आकडे मी समजून चाललोय, तुमच्या भागातले टाकून बघा. उत्तर फार बदलत नाही.

त्यात कायदा आहे. गाडीच्या रचनेत मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती आणखी स्पष्ट केली. छत कापून उंच करणं, खिडक्या फोडणं, सीट काढून टाकणं हे "आमच्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं चालतं" या भरवशावर करायचं काम नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. गिऱ्हाइकाने स्वतः चालवायची म्हणाल तर काळी पाटी, पिवळी अक्षरं, आणि त्यासाठीच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत किमान ५० गाड्यांची अट आहे. पन्नास! आपण एका गाडीवर घाम गाळतोय.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळने त्याच वर्षी "केराव्हॅन केरळ" सुरू केलं. चांगलंच आहे. पण माझं मत विचाराल तर हे बळ मोठ्या, एसी, सोफा-टीव्हीवाल्या गाड्यांच्या दिशेने जास्त जातं. ज्यांच्याकडे आधीच हॉटेल आहे, टूर कंपनी आहे, त्यांना ते झेपेल. पहिलीच उडी मारणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

मग छोट्या गाडीत आपण काय विकायचं?

पहिली गोष्ट, बॉक्स. वेस्टफालियाची तीच जुनी युक्ती. गाडीला भोक न पाडता, वेल्डिंग न करता, सामानासारखा ठेवता-काढता येणारा सेट. मागची सीट दुमडून तिच्यावर येणाऱ्या दोन-तीन फळ्या, फोमची घडीची गादी, मागच्या दाराशी सरकणारा खण, त्यात शेगडी आणि डबे. आमच्याकडच्या एका सुतारासोबत बसून मी ईकोच्या मापाचा अंदाज काढला. १२ मिलिमीटर मरीन प्लाय, चॅनेल, बिजागऱ्या, फोम, कापड, मजुरी मिळून २२ ते २५ हजार. वजन ४० किलोच्या आत राहिलं पाहिजे, नाहीतर नवरा-बायको दोघांना उचलून ठेवता येत नाही आणि तो बॉक्स मग गॅलरीत पडून राहतो. पट्ट्यांनी घट्ट बांधायची सोय मात्र हवीच. ब्रेक दाबला आणि ४० किलोचं लाकूड मागून सुटलं तर काय होईल, सांगायला नको. ज्याचं फर्निचरचं काम आहे त्याने एक सेट बनवावा, स्वतःच्या गाडीत दोन रात्री झोपून बघावा आणि मगच दुसऱ्याला विकावा.

विजेबद्दल थोडं, कारण इथे गिऱ्हाईक हमखास फसतं. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १,२०० वॅट-तास. २० वॅटचा पंखा रात्रभर चालवा, १६० गेले. दिवे आणि मोबाइल मिळून ८०. छोटा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसभरात पाचशेच्या आसपास खातो. म्हणजे दीड दिवस आरामात. पण कुणी त्यावर १,८०० वॅटची इंडक्शन लावली तर गणिताने ४० मिनिटं, प्रत्यक्षात त्याहून कमी. एसी तर विसराच. हे विकायच्या आधी सांगायचं. सांगितलं नाही तर तो माणूस परत येणार नाही आणि दहा जणांना सांगेल. गॅसचं तर फारच कडक सांगायचं. शेगडी बाहेर, मागचं दार उघडं ठेवून, गाडीत बसून कधीच नाही. बंद गाडीत जळणाऱ्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला कळतच नाही.

आता खरा मुद्दा. छोट्या व्हॅनमध्ये सगळं मावतं, टॉयलेट मावत नाही. पोर्टेबल मिळतात, पण सहा फुटांच्या जागेत घरच्यांसोबत ते वापरायला आपली माणसं तयार नसतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. अंघोळीला पाणी नाही. रात्री गाडी उभी कुठे करायची हे ठरलेलं नाही. पेट्रोल पंपावर थांबलं तर रात्रभर ट्रकचे हॉर्न. समुद्रकिनारी थांबलं तर ११ वाजता कुणीतरी काचेवर टकटक करणार. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. बरोबर बायको, मुलगी, म्हातारी आई असेल तर हा प्रश्न गंमतीचा राहत नाही. बरेच लोक छोट्या कॅम्परचा नाद सोडतात तो या एका रात्रीच्या प्रश्नामुळे.

जपानने याचं उत्तर काय दिलं बघा. "मिची-नो-एकी", म्हणजे रस्त्याकाठची स्टेशनं. १९९३ पासून अधिकृत सुरू झाली, आज १,२०० च्या वर आहेत. चोवीस तास पार्किंग, चोवीस तास स्वच्छ टॉयलेट, दोन्ही फुकट. मग कमाई कशातून? आत गावच्या शेतकऱ्यांचा माल विकायला असतो. भाजी, लोणची, तांदूळ, गावची मिठाई, गरम जेवण. गाडी थांबली की माणूस उतरतो, उतरला की खरेदी करतो. ती मुक्कामाची हॉटेलं नाहीत, थोडा आराम करून पुढे जायची ठिकाणं आहेत. रात्रभर राहणाऱ्यांसाठी वीजजोडणीसह पैसे देऊन थांबायच्या वेगळ्या जागाही तिकडे झाल्या.

आता तुमच्यापैकी किती जणांची रस्त्याजवळ जमीन आहे? कोकणात चार गुंठे, महाबळेश्वरच्या वाटेवर आजोबांचा मळा, भंडारदऱ्याकडे मामाचं शेत. तिथे चार गाड्यांचा थांबा करा. दोन टॉयलेट, एक अंघोळीची खोली, नळ, प्रत्येक जागेला एक १५ अँपिअरचा प्लग आणि त्याचा वेगळा सबमीटर, एक मोठा दिवा, आणि रात्री तिथे राहणारं घरचं माणूस. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. लोक पैसे देतील ते या माणसासाठी देतील. "काकू इथेच राहतात, काही लागलं तर हाक मारा," हे वाक्य कुठल्याही लक्झरी गाडीत मिळत नाही.

याचाही हिशोब कोरडाच करतो. शोषखड्डा-सेप्टिक टँक, बांधकाम, मुरूम, वायरिंग धरून माझा अंदाज साडेतीन ते चार लाख. चार जागा, एका रात्रीचे ५०० रुपये, महिन्यात आठ रात्री. सगळ्या भरल्या तर १६ हजार. अर्ध्याच भरल्या तर ८ हजार. यावर घर चालत नाही, खोटं कशाला सांगू? पण चार गाड्या म्हणजे सकाळी दहा-बारा माणसं नाश्त्याला बसलेली. पोहे, घावणे, थालीपीठ, चहा. जाताना कोकम, काजू, तांदूळ, मध, जे तुमच्याकडे पिकतं ते पिशवीत. आणि पाऊस पडो, मंदी येवो, तुमच्या डोक्यावर ३२,६०० चा हप्ता नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, टॉयलेट बांधलेली जमीन कुठे जात नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे, शेतकऱ्याला त्याखाली नोंदणी करता येते. सुरुवात करण्याआधी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत जाऊन विचारून घ्या.

काही जण म्हणतील, अहो पण इतक्या कॅम्पर व्हॅन आहेत कुठे? बरोबर आहे, फार नाहीत. पण थांब्याला कॅम्परच लागते असं कोणी सांगितलं? वॅगनआरमध्ये सीट पाडून झोपणारे, बाइकवर तंबू बांधून निघालेले, रात्री घाट उतरायला नको म्हणून थांबणारे, देवदर्शनाला निघालेलं कुटुंब, या सगळ्यांना तेच तीन नळ आणि दोन दारं हवी असतात. कॅम्परवाल्यांची वाट बघत बसायला लागत नाही.

हवामानाचं मात्र लक्षात ठेवा. पत्र्याची गाडी एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत तापलेली असते आणि कोकणातल्या दमटपणात पंखाही हात टेकतो. जूनपासून काचा बंद ठेवल्या की आतून पाणी सुटतं, उघड्या ठेवल्या की डास. म्हणून खिडकीला चुंबकाने चिकटणारी जाळी आणि दाट झाडाची सावली या दोन गोष्टींना मी बॅटरीपेक्षा वरचा नंबर देईन. खरा सीझन ऑक्टोबर ते फेब्रुवारी. थांब्याचं बांधकाम करायचं तर मार्च ते मे हे महिने त्यासाठी मोकळे आहेतच. मुरूम पावसाआधी टाकून दाबून घ्या. काळ्या मातीवर नुसती खडी पसरली तर पहिल्याच पावसात ईकोची मागची चाकं रुततात, आणि ट्रॅक्टरने गाडी ओढून काढावी लागलेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

ज्यांच्याकडे अशी जागा आहे त्यांनी कमेंटमध्ये एवढंच लिहा: डांबरी रस्त्यापासून किती मीटर, फाटकाची रुंदी किती फूट, पाणी बोअरचं की विहिरीचं, आणि रात्री तिथे घरचं कोण राहतं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर "कोणी नाही" असेल, तर आधी त्यावर बोलू.